वहिनीच्या तोंडून आलेला शब्द

अंगात येणं, भुतंखेतं... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. गावात कुणाच्या अंगात आलं की मी तोंड फिरवून हसायचे. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं गेली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही भिवंडीजवळच्या काल्हेरचे. माझी वहिनी अकलोलीची, वयाने माझ्याएवढीच. तिचं पहिलं बाळ तापाने गेलं — आणि वहिनी रडलीच नाही. सगळं काम करायची, बोलायची मात्र कामापुरतंच. काही महिन्यांनी तिची दाढ ठणकायला लागली. आई मला म्हणाली, "भिवंडीला ने तिला. तीन बत्तीजवळ तो दातांचा चिनी डॉक्टर हाय ना, त्याच्याकडं."

भर दुपारी गेलो. खाली कापडाच्या लूमची खडखड, वर दवाखाना. डॉक्टर म्हातारा, एकटाच राहायचा. हिंदी झकास बोलायचा. वहिनीला खुर्चीत बसवून त्याने दाढेवर हलकेच ठोकलं. "यहाँ दुखता है?"

वहिनीने त्याचं मनगट घट्ट धरलं. म्हणाली, "शांग." मग पुन्हा, लांबवून — "शांग..."

डॉक्टरच्या हातातला छोटा आरसा खाली पडला. "ये किसने सिखाया इसको?"

"किसी ने नहीं," मी म्हटलं. "क्या बोली वो?"

तो स्टुलावर बसला. "हमारी बोली में चोट. हाथ कटे तो भी शांग, दिल को लगे तो भी शांग." त्याची बायको जिन्यावरून पडली होती. जाईपर्यंत हा एकच शब्द म्हणायची. "मैं पैर पे पट्टी बाँधता रहा. उसी साल हमारा बच्चा गया था... मैं समझा ही नहीं." पडलेला आरसा उचलत म्हणाला, "आवाज़ भी उसी की थी."

मग त्याने वहिनीला विचारलं, "बेटी, तुमको कहाँ लगी है?"

वहिनीने छातीवर हात ठेवला आणि हंबरडा फोडला. डॉक्टर तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. त्याचेही डोळे वाहत होते.

दाढ पुढच्या आठवड्यात काढली. खरंच किडलेली होती.

वहिनी नुसती कण्हली असेल आणि त्याला तसं ऐकू आलं असेल — मी स्वतःला हेच सांगत आले. पण मी शेजारीच उभी होते. तो आवाज वहिनीचा नव्हता. याचा उलगडा मला आजवर झालेला नाही.

वहिनी आता आजी झालीय. मध्यंतरी तिला विचारलंच. तांदूळ निवडता निवडता म्हणाली,

"बाय, मी काय बोललीच न्हाय. मी नुसतं तोंड उघडलं व्हतं."