कुंकू लागलेली फटफटी

आयुष्यात मी एकच फटफटी विकली, आणि ती विकायला मी गेलोच नव्हतो. मी गेलो होतो नुसता बघायला!

लढाई नुकतीच संपली होती. नगरच्या लष्करातलं नको झालेलं सामान लिलावात निघत होतं. तंबू, बूट, पाण्याच्या बाटल्या आणि फटफट्या. त्यातल्या फटफट्या बाबुराव नावाच्या एका फिटरनं उचलल्या, स्टेशनच्या रस्त्यावर पत्र्याची शेड ठोकली आणि बाहेर फळा लावला : 'जुनी द्या, नवी न्या.' (नवी म्हणजे लष्करानं टाकून दिलेली. पण हे फळ्यावर मावलं नसावं.)

माझी जुनी होती साइडकारवाली. मी वकील. श्रीगोंद्याच्या कोर्टात महिन्यातून एखादी तारीख असायची, आणि तिथून पुढे काष्टीला माझ्या बायकोचं, इंदूचं माहेर. तारखेच्या दिवशी इंदू साइडकारमध्ये बसायची, मी तिला आईपाशी सोडायचो, कोर्ट उरकायचो आणि येताना तिला घेऊन यायचो. तिची आई एकटी राहायची, डोळे जवळजवळ गेलेले. इंदू तिला न्हाऊ घालायची, तिची नखं काढायची, महिन्याचं मेतकूट-तिखट बरण्यांत भरून ठेवायची. सर्व्हिस मोटारीत बसलं की इंदूला उलट्या व्हायच्या, आणि सुनेनं एकटीनं मोटारीनं जाणं किंवा फटफटीवर नवऱ्यामागं बसणं आमच्या दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मुळीच खपत नसे. थोडक्यात, साइडकार होती म्हणून इंदूला माहेर होतं. हे मला पक्कं ठाऊक होतं. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून मी मूर्ख होतो असा तुमचा समज होईल. मूर्ख असतो तर बरं झालं असतं.

मला त्या साइडकारची लाज वाटायची. कोर्टातले सोबती तिला 'डबा' म्हणायचे. "काय वकीलसाहेब, आज डब्यात काय, भाजी की पक्षकार?" असं कुणी विचारलं की बाकीचे पोट धरधरून हसायचे. मीही हसायचो आणि घरी येऊन जेवताना विनाकारण आमटीला नावं ठेवायचो.

तर एका रविवारी सकाळी मी माझी फटफटी घेऊन बाबुरावच्या शेडपाशी गेलो.

"बसून तर बघा साहेब," बाबुराव म्हणाला. "बघायला काय पैसं पडत न्हाईत."

पहिलीवर बसलो. लाथा मारायला लागलो. दहाव्या लाथेला मी कोट काढला, विसाव्या लाथेला टोपी. तिसाव्या लाथेला फटफटी एकदा खोकली आणि धोतराचा सोगा किकमध्ये अडकला.

"हिला जरा ऊन लागू द्या," बाबुराव म्हणाला. "थंडीची सुरू हुत न्हाई."

"वैशाख आहे, बाबुराव!"

"मंग हिला लईच ऊन लागलं आसंल. दुसरी बघा."

दुसरी पहिल्याच लाथेला सुरू झाली. तिचं दुखणं वेगळं होतं, ती थांबेना! भिंगारपर्यंत गेलो, वेशीपाशी दोन कोंबड्या आणि एका हवालदाराला वाचवलं (कोंबड्यांनी निदान शिव्या तरी दिल्या नाहीत), तसाच वळलो आणि परत येऊन शेडमागच्या वाळूच्या ढिगात घुसलो.

"हिचा ब्रेक कुठाय?" मी तोंडातली वाळू थुंकत ओरडलो.

"त्यो मागवलाय."

"मग आधी सांगायचं नाही?"

"तुमी इचारलं कुठं?"

आणि मग तिसरी. काय सांगू! नुसता पाय ठेवला तर सुरू झाली. आवाज असा दणदणीत की चौकातली माणसं वळून बघायला लागली. त्या बघण्यानं मी पागल झालो. पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप, डोक्याला टक्कल पडू लागलेला माणूस. पण तेवढा अर्धा मैल मी कुणीतरी होतो. ऐटीत परत आलो, बाबुरावसमोर ब्रेक लावला आणि ताठ बसून राहिलो. दहा वर्षं तीन चाकांवर काढलेल्या माणसाला थांबल्यावर पाय टेकायचे असतात हे आठवत नाही. फटफटी सावकाश डावीकडे कलली, तिच्याबरोबर मीही कललो, आणि आम्ही दोघंही न बोलता जमिनीवर आलो.

"साहेब, हितं डबा न्हाई!" बाबुराव मला उठवत म्हणाला. "पाय लावायचा!"

मी धूळ झटकली आणि म्हणालो, "विचार करून सांगतो."

"करा की. घरी दावून आना. घरच्यांनी बघितल्याबिगर मी कुनाला गाडी देत न्हाई. तवर तुमची राहू द्या हितं."

केवढा सरळ माणूस, असं माझ्या मनात आलं. माणसं ओळखायचे मी पैसे घेत होतो.

घरी दादा ओट्यावरच होते. ते कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. उभ्या आयुष्यात त्यांनी समोरच्याचं वाक्य पुरतं ऐकून घेतलं नव्हतं.

"नवी घेतलीस?"

"नाही दादा, नुसती दाखवायला—"

"दारात आलेलं वाहन असं कोरडं ठेवतात? सूनबाई, ताट आणा! नारळ आणा!"

इथं मी 'थांबा' म्हणायला हवं होतं. साधा दोन अक्षरांचा शब्द. पण समोरच्या घरातले जोशी बाहेर आले होते, त्यांच्या शेजारचे गुंड मास्तरही आले होते, आणि मी टाकीवरून रुमाल फिरवण्यात गुंग होतो. इंदू ताट घेऊन आली. तिनं टाकीवर हळदकुंकवाचं सुरेख स्वस्तिक काढलं, चाकांवर पाणी घातलं, ओवाळलं. दादांनी नारळ फोडला. जोश्यांना खोबरं गेलं, मास्तरांना खोबरं गेलं. इंदूच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला कौतुक वाटलं. आपल्या नवऱ्याचं वैभव बघून बाई हरखली, असं मी समजलो.

खोबरं वाटून झाल्यावर ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "अहो, हिला डबा कधी जोडणार?"

"बघू," मी म्हणालो.

दुपारी फटफटी परत करायला गेलो. खरंच परत करायला गेलो होतो, असं मी त्या वेळी स्वतःला सांगत होतो. बाबुरावनं लांबूनच टाकीकडं बघितलं आणि हात जोडले.

"कुंकू लागलं? मंग झालं की! कुंकू लागल्याली मी परत घेत न्हाई साहेब. लई वंगाळ आसतं त्ये."

"अरे पण सौदा कुठं ठरलाय? कागद नाही, सही नाही!"

"सही हाय की," तो म्हणाला आणि टाकीवरच्या स्वस्तिकाकडं त्यानं बोट दाखवलं.

मी शेडमध्ये नजर टाकली. माझ्या जुन्या फटफटीची साइडकार सुटी करून भिंतीला उभी केली होती. मी घरी पोचलो असेन-नसेन, तेव्हाच त्यानं पाना लावला असणार. बामनाच्या दारात गाडी नुसती उभी केली की आपोआप विकली जाते, हे त्या फिटरला माहीत होतं आणि मला, त्या दाराच्या धन्याला, माहीत नव्हतं!

आता खरं सांगतो. कायद्यानं ती विक्री शून्य होती. मी दरडावून बोललो असतो तर बाबुरावनं अर्ध्या तासात साइडकार परत जोडून दिली असती. कुंकवाला ओला फडका पुरला असता. मी काही एवढा देवभोळा नव्हतो. संध्या मी मुंजीनंतर चारच दिवस केली होती. पण त्या दुपारी माझ्या अंगात एकाएकी धर्म संचारला. कुंकू लावलेलं परत कसं करायचं? शास्त्र आहे काही! मी वर थोडी रक्कम मोजली आणि चौकातून मुद्दाम सावकाश घरी आलो.

इंदू दारातच होती. तिनं फटफटीच्या डाव्या बाजूला बघितलं आणि मग माझ्याकडं.

"अगं, कुंकू तूच तर लावलंस," मी म्हणालो. "आता मी काय करणार?"

असा बिनतोड मुद्दा मी कोर्टात कधी मांडला नाही. आत जाऊन तिनं भात टाकला. पुढच्या महिन्यात सावेडीकडं एका गवळ्यानं हातगाडीला जोडलेली आमची साइडकार मला दिसली. तिच्यात एक शेळी ऐसपैस बसून रस्ता बघत चालली होती. घरी मी हे सांगितलं नाही.

त्यानंतरच्या तारखेला कोर्ट उरकून मी एकटाच काष्टीला गेलो. इंदूनं आईसाठी लाडू दिले होते. अंगणात फटफटी थांबवली तेव्हा सासूबाई दारातच थबकल्या. आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता.

"कोण आहे?"

"मी, वसंत."

"जावईबापू होय! या, या." त्या भिंत धरत पायरी उतरल्या, फटफटीच्या डाव्या अंगाला आल्या आणि हात पुढं करून चाचपू लागल्या. दर महिन्याला त्या उंचीवर इंदूचं डोकं असायचं. ती उतरायच्या आधीच त्या तिच्या केसांवरून हात फिरवायच्या. आता हात नुसताच हवेत फिरत राहिला. एकदा माझ्या गुडघ्याला लागला, तो त्यांनी झटकन मागं घेतला.

"इंदू नाही आली?"

"पुढच्या तारखेला आणतो," मी म्हणालो.

"बरं," त्या म्हणाल्या.

उभ्या वकिलीत इतक्या सहज तारीख मला कुठल्याच न्यायाधीशानं दिली नाही. मग मी ती दर महिन्याला मागत गेलो, आणि त्या बिचाऱ्या देत गेल्या!