डाव्या हाताचं लग्न

सें-झाक गल्लीत आमच्या छापखान्याच्या वरच्या माडीवर ब्रिवाल भावंडं बसतात. ती तांब्याचे पत्रे कोरतात, खाली मी ते शाई चोपडून कागदावर उमटवतो. बाप गेला तेव्हा धाकटी पेरीन भावाइतकंच कोरायची. आता त्याच्याहून बरं कोरते. ब्लेझ पत्र्यावर रेघा ओढतो, तेजाबात बुडवतो आणि गुत्त्यावर जातो. चेहरे, केस, झालरी, सगळं पेरीन खिडकीशी पाठ मोडून करते. छापून मात्र येतं, ‘ब्लेझ ब्रिवाल यांनी कोरलं’.

यंदा एका कादंबरीची चित्रं आली. भांडभांडून पेरीननं भावाकडून कबूल करून घेतलं, लग्नाच्या चित्राखाली तिचं नाव.

कागदावर चित्राचं डावं-उजवं उलटं उमटतं, म्हणून ते आरशात बघून पत्र्यावर उतरवायचं. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. पत्रा हातात आला तशी पेरीन म्हणाली, “ब्लेझ, आरसा लावला होतास ना?”

“मला शिकवू नकोस. तू चेहरे बघ.”

तिनं चेहरे केले. नवरीच्या पापणीवर लाज दिसावी, असे. मी पहिला कागद उचलला, तर नवरा नवरीला डावा हात देतोय आणि पाद्रीही डाव्या हातानंच आशीर्वाद देतोय. आमच्याकडे डाव्या हाताचं लग्न म्हणजे ठेवलेली बाई. माझा गडी पोट धरून हसला. पुस्तकवाल्याला थांबायला सवड नव्हती. चालवा म्हणाला हेच.

ब्लेझनं कागद उजेडाला धरला. “मी शब्दाचा पक्का आहे,” तो म्हणाला. “याच्यावर पेरीनचंच नाव घालू.”

“दोघांचं घाल,” पेरीन म्हणाली. “रेखाटलं ब्लेझनं, कोरलं पेरीननं.”

“लोक म्हणतील, ब्रिवालला बाईचा हात लागतो.”

“आणि माझ्या एकटीच्या नावावर काय म्हणतील?”

“बाईच ती, म्हणतील. चालायचंच.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी शाईचा बोळा मळत राहिलो. “पत्रा बिननावाचाच छाप,” म्हणाली, आणि जिना चढून गेली.

तसाच छापला. गुत्त्यावर ब्लेझ सगळ्यांना सांगत होता, “मी देत होतो की नाव. तिलाच नको.”

पुढचा पत्रा खिडकीशी पडून आहे. मेजवानीचं चित्र, भांडी, मेणबत्त्या, झगे सगळं झालंय, माणसं तेवढी बिनचेहऱ्याची. ब्लेझ येता-जाता विचारतो, “हे कधी व्हायचं?”

पेरीन सुपासाठी कांदे चिरत असते. “कोर की,” म्हणते. “तुझंच नाव यायचंय त्याच्यावर.”