वैशालीनं माझा जन्म सांगितला

“दाखव ना गं, ऊस कसा तोडतात ते. तुझा तर जन्मच फडातला.”

वैशाली हे सगळ्यांसमोर बोलली. बसमधली पंधरा-वीस माणसं, पुण्याची, नाशिकची, मॉरिशस बघायला आलेली. रस्त्याकडेला उसाचं रान. मधे काळ्या दगडांचे ढीग. गाईडनं फोटोसाठी एक कोयता आणला होता. तो तिनं माझ्या हातात दिला आणि मोबाईल वर धरला. मग लोकांकडं वळून म्हणाली, “खरंच सांगते. हिची आई ऊस तोडता तोडता बाळंत झाली. हिला उसाच्या वाळक्या पाचटात ठेवली होती.”

लोक हसले. एका बाईनं विचारलं, “मग नाळ पण कोयत्यानंच कापली का?”

आणखी हसले. वैशाली सगळ्यात जास्त.

हे मी तिला एकदाच सांगितलं होतं. तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं तेव्हा. दवाखान्यात मी तिच्या उशाशी बसले होते. ती म्हणाली, काहीतरी बोल. मी माझ्या जन्माचं बोलले. माझा हात धरून ती रडली होती.

आमची मैत्री कॉलेजपासूनची. मी जामखेडकडची. दिवाळी झाली की आई-बाप कोयता घेऊन गाव सोडायचे. ती राहुरीची, कालव्याखालची, घरचा चाळीस एकर ऊस. होस्टेलवर एकाच खोलीत आलो. माझ्या तोंडातलं ‘हाय’ काढून तिनं ‘आहे’ बसवलं. मी तिचे उपकार मानले. पुढं परीक्षा देऊन मी कृषी खात्यात अधिकारी झाले, तरी उपकार मानतच राहिले. या सहलीतही खिडकी तिची, तिची पिशवी माझ्या खांद्यावर. समुद्राकाठी, धबधब्यापाशी, देवळापाशी मी तिचे फोटो काढायचे. माझा एखादा काढ म्हणाले तर म्हणायची, “थांब गं, ऊन जाईल.”

मला ते खुपलं नव्हतं. हीच मैत्री, असं वाटायचं.

त्या रानात उतरण्याआधी गाईड हिंदीत सांगत होता की त्याच्या पणजीला जहाजात घालून इथं ऊस तोडायला आणलं होतं. ती याच मातीत मेली. तेव्हा वैशालीचे डोळे भरून आले होते. रुमाल लावत म्हणाली होती, “किती सोसलं असेल गं त्या बाईनं.”

त्याच्या पणजीसाठी रडू. माझ्या आईसाठी हसू. मधे दहा मिनिटंसुद्धा गेली नव्हती.

तिथं माझ्या आत काहीतरी सुटलं. तिचं गेलेलं बाळ माझ्या जिभेवर आलं होतं. सगळ्यांसमोर सांगावं, लोकांना हिलाही हसू द्यावं. गिळलं. बाळाचा काय दोष.

तोंडातून निघालं ते जामखेडचं निघालं.

“म्या न्हाई तोडत. तू तोड.”

कोयता तिच्या हातात दिला. “घे. चाळीस एकर ऊस हाय तुमचा, कधी एक टिपरू तोडलंस का? खाली वाक. बुडातून तोड. मोळी बांध, डोक्यावर घे आन् त्या बसपतोर चाल. पोटात नववा महिना हाय असं समज. मी व्हिडिओ काढते.”

कुणी हसलं नाही. गाईडनं चष्मा काढून माझ्याकडं बघितलं.

“गंमत केली गं,” वैशाली पुटपुटली. “लोक बघतायत.”

“बघू दे. मगाशी बी बघतच हुते.”

तिची पिशवी तिच्या पायापाशी ठेवली आणि बसमध्ये खिडकीपाशी जाऊन बसले.

हॉटेलात वेगळी खोली घेतली. राहिलेले तीन दिवस एकटी फिरले. वैशालीला इंग्रजी बोलायची लाज. इतके दिवस तिच्या वतीनं मीच बोलत होते. जेवणाच्या टेबलावर वेटर समोर उभा राहिला की ती माझ्याकडं बघायची. मी ताटाकडं बघायचे. एकदा तिनं नुसता भात खाल्ला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला, पुन्हा चालू झाला.

“जाऊ दे बाई,” म्हणाली. “लई वर्सं तिच्या घरचं खाल्लं तू.”

“न्हाई आई. असल्याच बागायतदारांचा ऊस तू जन्मभर तोडलास. तिच्या घरानं आपलं खाल्लं.”

वैशालीचे फोन येतात. मी उचलत नाही. मग ती मेसेजमध्ये सॉरी लिहिते, खाली हात जोडलेलं चित्र. चारचौघांत हसायचं आणि माफी मात्र गुपचूप. असली माफी मला नको.

पुढच्या महिन्यात राहुरीला आमच्या बॅचचा मेळावा आहे. दोन शब्द बोलायला मला बोलावलंय. वैशाली पहिल्या रांगेत असणार, तिचे वडील पाहुणे म्हणून स्टेजवर. आईला तयार केलंय. आधी नको म्हणाली, मग विचारलं, “लुगडं कोनतं नेसू?” ती वैशालीच्या शेजारच्या खुर्चीत बसेल. मी माईक हातात घेईन आणि माझा जन्म मीच सांगेन. कुठल्या फडात, कुणाच्या उसात, पाचव्या दिवशी आईला कामावर कुणी उभं केलं, सगळं नावानिशी.

‘आहे’ म्हणणार नाही. ‘हाय’ म्हणेन.

आणि हसायचं असेल त्यानं माझ्या आईकडं बघून हसावं.