चोवीस समाध्या आणि एक गटार

आमच्या घरापुढचं गटार सात वर्षं उघडं राहिलं, त्याला मी जबाबदार होतो. गल्लीत बहुतेकांना हे माझं सांगून झालं आहे. गटारावरून कुणी फारसं रागावलं नाही. त्याचाच त्रास जास्त होतो, म्हणून आता लिहून ठेवतो.

मी मूळचा हिंगोलीकडचा. वीस वर्षांपासून सुरतेत, पर्वत पाटियाच्या पुढे एका लूमच्या कारखान्यात मास्टर आहे. मास्टर म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. घर कारखान्याच्याच गल्लीत.

शेठने मागच्या बाजूला नवा शेड बांधला, त्यात चोवीस माग बसवले. तेवढ्यात कळलं, सोमवारी मोजणीचा साहेब येणार. मालमत्ता कराला इकडे वेरा म्हणतात. घराला थोडा, कारखान्याला भरपूर. शेठ चहाचा कप हातात धरून नुसते बसले होते.

"मास्टर, नवो शेड मापमां आव्यो तो वेरो डबल थई जशे."

काही कर, असं ते म्हणाले नाहीत. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे लोकांनी त्यांना दोष दिला. मीच बोललो, "शेठ, देवळाला वेरा नसतो."

मागच्या शेडचं दार वाऱ्यानं आपटायचं, म्हणून तिथं एक काळा दगड लावलेला असे. रविवारी मी त्याला शेंदूर फासला आणि पुढे नारळ ठेवला. प्रश्न मागांचा होता. ते उचलून नेणार कुठे? गोदामात रंग बिघडलेलं भगवं जॉर्जेट पडून होतं. ते चोवीस मागांवर पांघरलं आणि प्रत्येकावर झेंडूची एक माळ टाकली.

साहेब जळगावकडचे निघाले. किडकिडीत माणूस, गळ्यात टेप, टाचा चिरलेल्या. दिवसभर कारखाने मोजत पायी फिरायचे.

"हे काय?"

"समाध्या आहेत, साहेब."

"चोवीस?"

"परंपरा मोठी आहे."

त्यांनी चपला काढल्या. मला वाटलं, दारातून हात जोडतील आणि जातील. पण ते एकेका मागापुढे वाकायला लागले. तेराव्यापुढे वाकले आणि आतून 'खट्' असा आवाज झाला. एका मागाचा स्विच बंद करायचा मी विसरलो होतो. गेलेली वीज क्षणभर येऊन परत गेली होती. साहेब जमिनीवर सपशेल आडवे झाले. उठले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

"मास्टर, जागृत आहे हो!"

"असं म्हणतात," मी म्हणालो. हे वाक्य मला अजून छळतं.

त्यांनी तिथंच नवस बोलला, पायपीट सुटू दे, एक खुर्ची मिळू दे. मोजणीच्या कागदावर जुन्या शेडसकट सगळ्या आवाराला 'देवस्थान' असं लिहून ते गेले. महिन्याभरानं पेढे घेऊन आले. विभागाच्या कचेरीत त्यांना पंख्याखालची खुर्ची मिळाली होती.

मग शेजारचे शेठ विचारायला येऊ लागले. कापड कोणत्या रंगाचं, माळा किती. मी सगळ्यांना सांगत गेलो. एकाला सांगितलं आणि दुसऱ्याला नाही म्हटलं, तर तो अन्याय. दोन वर्षांत आमच्या गल्लीत आठ देवळं झाली. नकली कसली म्हणायची? कुणी बघायला आलं की मागांवर कापड, एरवी विणकाम, पण आमचेच कारागीर चपला बाहेर काढून माग चालवायला लागले. नव्या बीमला, म्हणजे ताण्याच्या रुळाला, आधी नारळ फुटायचा, मग सूत लागायचं. एकदा उकाड्यात दार उघडं ठेवायला मी तो दगड सरकवायला गेलो, तर धुळ्याकडच्या एका कारागिरानं माझा हात धरला.

"भाऊ, हात नका लावू. आते तो देव शे."

गेल्या वर्षी बायको गटारात पडली. गटारावरची फळी उलटली आणि उजवं मनगट मोडलं. ती घरी साड्यांवर टिकल्या चिकटवते. मग हात प्लास्टरमध्ये आणि साड्यांचे गठ्ठे खाटेवर.

मी अर्ज घेऊन कचेरीत गेलो. पंख्याखाली साहेब. मला बघून उभेच राहिले.

"मास्टर! या, या. देव काय म्हणतो?"

मी गटाराचं सांगितलं. त्यांनी विभागाचा नकाशा पसरला.

"तुमच्या गल्लीतून वेरा येतो कुठं? कारखाना एक नाही. आठ देवस्थानं आणि घरं. बंद गटार कशातून घालणार? पलीकडच्या गल्लीत सोळा कारखाने आहेत, तिथं रस्ता झाला, गटार झालं, दिवे लागले." मग आवाज उतरवून म्हणाले, "भाविकांच्या चपलांसाठी एक कट्टा मंजूर करून देतो. तेवढं माझ्या हातात आहे."

खरंच कट्टा झाला. उघड्या गटाराच्या काठावर, सिमेंटचा, पक्का.

बायकोनं तो दारातून बघितला. देवळाची गोष्ट तिला सगळी ठाऊक होती.

"चपला काढायची सोय झाली. आता गटारात उतरून आंघोळ करायची का? तीर्थ म्हणून?"

मी खाटेवरचे साड्यांचे गठ्ठे सारखे करायला लागलो.

"अहो, देव तुम्ही केला. आता साहेबाला खरं सांगायला पण देवालाच पाठवता का?"

दुसऱ्या दिवशी शेठला न सांगता मी कचेरीत गेलो आणि सगळं बोललो. दगड, जॉर्जेट, स्विच. साहेबांनी ऐकून घेतलं आणि हसले.

"मास्टर, वहिनी पडल्यामुळं तुमची श्रद्धा डळमळली आहे. होतं असं."

"साहेब, ते माग आहेत."

"मग माझी खुर्ची कशानं आली?"

मी म्हणालो, एकदा येऊन बघा.

ते आले, अनवाणीच. साहेब दिसताच कारागीर माग बंद करून, कापडं टाकून कोपऱ्यात गोळा झाले होते. मी तेराव्या मागावरचं कापड ओढलं आणि स्विच दाबला. खट्. मग खट्, खट्, खट्, आणि मागावर पांढरं कापड विणलं जाऊ लागलं. साहेबांनी वाकून सुतातून इकडून तिकडे धावणारा धोटा बघितला. मग खिशातून जुनी टेप काढली.

"टोक धरा," एवढंच म्हणाले.

जुना-नवा सगळा शेड मोजला. दगडाशी आल्यावर थांबले. कारागिरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दगडाखालची सव्वा फूट जागा वजा केली. कागदावर लिहिलं: कारखाना, देवस्थान वगळून.

पुढे बाकीचे सात शेडही मोजले गेले. ते शेठ माझ्याशी बोलत नाहीत. आमचे शेठ आठवडाभर बोलले नाहीत, मग म्हणाले, "मास्टर, हवे रोज दीवो तमे करजो." रोज सकाळी दिवा मी लावतो. साहेब अजून खुर्चीवर आहेत. भेटले की देवाचं विचारत नाहीत.

या वर्षी गटार बंद झालं. आत पाइप बसला, वर स्लॅब घातला गेला. बायकोचं मनगट जुळलं, पण पूर्ण वळत नाही. टिकल्या ती डाव्या हातानं लावते. दारातून बाहेर पडताना आजही ती साडी वर धरून अडीच फुटांची ढांग टाकते. सपाट स्लॅबवर.

"अगं, बंद झालंय," मी म्हणतो.

"माहितीय मला," ती म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच.