तांबडा झेंडा उतरेपर्यंत

राजारामपुरी सोडून आम्ही शहराच्या कडेला नव्या वसाहतीत राहायला आलो. समोर लष्कराचा माळ आहे. गोळीबाराचा सराव असला की तिथल्या खांबावर तांबडा झेंडा चढतो.

एक बाई रोज तीन म्हशी घेऊन त्या माळाच्या कडेला येई. झेंडा असला की दगडावर बसून तो उतरण्याची वाट पाही. डोळ्यांवर आडवा हात धरून खांबाकडे बघण्याची तिला इतकी सवय झाली होती, की बोलतानाही हात खाली येत नसे. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

उन्हाळ्यात एका चुकार गोळीने तिच्या एका म्हशीच्या शिंगाचं टोक उडवलं. सराव इथून हलवावा, असा अर्ज वसाहतीने तयार केला. त्यावर तिची सही हवी होती. मी तिला अर्ज वाचून दाखवला. तिने तो शेवटपर्यंत ऐकला, पण पेन घेतलं नाही.

"मावशी, उद्या तुम्हालाच गोळी लागली तर?"

"लागंल की. पर गोळ्या हायत म्हणून हितं गवात ऱ्हायलंय, पावणं. त्या गेल्या की प्लॉट पडत्यात. तुमची घरं हायत न्हवं, तितं बी माझ्या म्हशी चरायच्या."

एवढ्यात झेंडा उतरला. ती उठली आणि तिने म्हशी माळावर घातल्या. तुटक्या शिंगाची सगळ्यांत पुढे होती.

अर्ज तिच्या सहीशिवाय गेला. माझी सही त्यावर आहे.