भावोजींची गळकी तीनचाकी

आमच्या भावोजींइतका हट्टी माणूस रेवदंड्याच्या खाडीच्या या काठावर दुसरा झाला नाही, आणि पलीकडच्या काठावर झाला असेल तर तो आमच्याच भावकीतला असणार. भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमचं घर होड्या बांधणाऱ्यांचं. एकदा टेकू निसटून होडी त्यांच्या मांडीवर आली आणि उजवा पाय कायमचा गेला. आळीतल्या बायका रडायला जमल्या, तर म्हणाले, "पाय गेलाय, मी न्हाय. भाकरी वाढा." तेव्हापासून कुणी हात दिलेला त्यांना खपत नसे. पायरी चढताना माझ्या नवऱ्याने एकदा त्यांच्या काखेत हात घातला, तर त्याच हाताला कडकडून चावले. दातांचे व्रण मी स्वतः पाहिलेत.

बैलगाडीत त्यांना उचलून ठेवावं लागे, म्हणून बैलगाडी सोडली आणि स्वतःची गाडी बांधली. पुढून मोटारसायकल, मागून मोडीत निघालेल्या मोटारीचा आस आणि दोन चाकं, बसायला होडीची फळी. तेव्हा आमच्याकडे साधी मोटार दिसली तरी लोक बाहेर येत. ही गाडी दिसली की आत जात. तिचा आवाज चौलपर्यंत पोचायचा, पण खरी खोड निराळी. ती गळायची. मागच्या दोन्ही चाकांपाशी काळं तेल ठिबकायचं, तेही अंगणात सुकत घातलेल्या जवळ्यावर.

सासऱ्यांनी एक दिवस तो जवळा चाखला, थुंकला आणि निकाल दिला. शिमग्यापर्यंत गळती थांबली नाही तर गाडी मोडीत, आणि होळीला बंदरावर भावोजींनी बैलगाडीतून यायचं.

"आनि मला चढवील कोण?"

"चौघं उचलतील."

"चौघांनी उचलायला मी मेलोय काय?"

मग ते आसाखाली शिरले ते जेवायलाही बाहेर येईनात. होडीच्या फटीत भरतात तसा राळेत भिजवलेला कापूस त्यांनी आसाच्या प्रत्येक सांध्यात ठोकला. जितकं ठोकलं तितकं तेल जोरात यायला लागलं. शिव्या तर इतक्या दिल्या की शेजारणीने पोरींना माहेरच्या गावी पाठवलं.

शेवटी तेल नेमकं कुठून येतं ते दिसावं म्हणून मी फडक्याने सगळा आस पुसला आणि भाकरीला लावतात तशी त्यावर तांदळाची पिठी भुरभुरली. सासूबाई ओरडल्या, ओरडू दिलं. भावोजी नागावला जाऊन परत आले. पिठी सगळीकडे पांढरी, फक्त चाकांपाशी काळी झालेली. आसाच्या मधोमध दातेरी चाकांचा तेलाने भरलेला डबा असतो, त्याच्या अगदी माथ्यावर मात्र राळेचा एक गोळा होता.

"हे काय बुजवलंत?"

"भोक होतं."

"कशाचं?"

"भोक म्हंजे भोक, वैनी. बुजवायचंच."

होडीवाल्यांचं डोकं. भोक दिसलं की हात कापसाकडे जातो. मी तिसरी शिकलेली, पण पंधरा माणसांचा भात रोज शिजवत होते. म्हटलं, "टोपावर झाकण दाबून बसवलं की पेज कडेनं उतू जाते. तुमचा डबा तापतो. त्याला श्वास कोण देणार?"

दुसऱ्या दिवशी भावोजींनी गाडी तापवून आणली आणि शीड शिवायच्या सुईने ते भोक उघडलं. डबा फुस्स करून मोकळा झाला. मग चाकांपाशी तेल अडवायला जुन्या पखालीच्या चामड्याच्या नव्या चकत्या बसवल्या.

होळीला भावोजी बंदरावर स्वतः गेले, एकटे, सगळ्यांच्या पुढे. सासऱ्यांनी वाकून आसाखाली बोट फिरवलं, बोट पाहिलं आणि म्हणाले, "आवाज तरी कमी कर." तो काही भावोजींनी केला नाही.

पुढे पुष्कळ वर्षं ती गाडी पळाली. ती थकायच्या आधी भावोजी गेले. चौघांनी त्यांना उचललं. मी पायरीवर उभी होते. वाटलं, आता कुणाला तरी चावतील. वळणापर्यंत वाट पाहिली.