आधी शेळी की आधी सिताबाई?

डॉ. दैवशाला सलगरच्या शोधनिबंधांची यादी वाचून मुलाखतीला बसलेल्या एका साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि विचारलं, "बाई, ही एकाच माणसाची यादी आहे ना?" त्यांचंही फारसं चुकत नव्हतं. यादीचा वरचा भाग अवघड बाळंतपणांचा आणि गर्भपातांचा, खालचा जिवाणूंच्या जनुकांचा. बाळंतपणं करणारी डॉक्टरीण जंतूंच्या मागं कशाला लागेल? दैवशाला हसून म्हणाली, "साहेब, मधे एक शेळी आहे. ती यादीत दिसत नाही."

त्या शेळीची गोष्ट सुरू होते सोनारी गावात. दैवशालाचं घर शेळ्यांवर जगणारं आणि तिच्या आईचा, सिताबाईचा, सगळा जीव त्या शेळ्यांत. दैवशाला शाळेत असताना सिताबाईचं पाचव्या महिन्यात पोट पडलं. त्याच हंगामात घरच्या दोन शेळ्याही गाभडल्या. दिवस भरण्याआधीच त्यांची पिल्लं पडली. पुढं एकदा पुन्हा तेच झालं. आजीनं निकाल देऊन टाकला, "हिचा पायगुण! हिच्या सावलीनं शेळ्या गाभडत्यात." वडील उत्तरेश्वर आपल्या आईपुढं तोंड उघडणारे नव्हेत. गाभण शेळ्यांच्या गोठ्यात सिताबाईनं पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं. आजी गेली, नियम तेवढा राहिला. सिताबाई फाटकाबाहेर उभी राहून आतल्या शेळीला नावानं हाक मारायची, आणि शेळी आतून ओरडून ओ द्यायची. ऐकूनच डोकं फिरतं. दैवशालाचंही फिरायचं, पण पायगुणाला उत्तर काय द्यायचं?

उत्तर आलं ते माकणीच्या धुरपदाबाईच्या तोंडून. दैवशाला तेव्हा धाराशिवला स्त्रीरोगतज्ज्ञ होती, आणि गर्भ पडून दवाखान्यात आलेली ही बाई बोलता बोलता सांगून गेली, "आदी माजी शेळी गाभडली, डाक्टरीनबाई. तिची वार म्याच वडून काढली. मंग मला ताप सुटंना, अन् महिन्यानं माजंबी पडलं."

दैवशालाचं पेन थांबलं. आधी शेळी! पेशंट तपासून होताच ती बाहेर आली आणि आईला फोन लावला.

"आई, तवा आधी कोण? तू का शेळ्या?"

"शेळ्या की. पिल्लं म्याच काढली व्हती, ह्या हातानं. का गं?"

"मग इतकी वर्षं बोलली का न्हाईस?"

"मला कुनी इचारलंच न्हाय."

झालं! तिथून दैवशालाला जे वेड लागलं ते लागलंच. ब्रुसेला नावाचा जिवाणू शेळीला गाभडवतो आणि बाईच्याही गर्भावर उठतो, हे पुस्तकात होतंच. धुरपदाबाईच्या रक्तात तो निघाला, तिच्या शेळीच्या दुधातही निघाला. पण धुरपदाबाईला जडलेला जिवाणू तिच्याच शेळीचा आहे का, हे पुस्तक कसं सांगणार? ते त्याची जनुकं सांगणार. मग ही चाळिशीला टेकलेली डॉक्टरीण सुट्ट्या काढकाढून पुण्याच्या प्रयोगशाळेत विद्यार्थिनीसारखी जाऊन बसू लागली. बरोबरचे डॉक्टर चिडवायचे, "बाळंतपणं सोडून जंतूंची बारशी करतेय!" ती म्हणायची, "करते की, नावं सुचवा!"

निकाल आला त्या दुपारी तिनं दोन्ही जिवाणूंची जनुकं शेजारी शेजारी लावली. शेळीचा आणि धुरपदाबाईचा. अक्षराला अक्षर जुळत गेलं, पुढं जुळत गेलं, तरी जुळतच राहिलं. "जुळलं! अगं बाई, जुळलं!" असं ओरडत तिनं प्रयोगशाळेतच एक गिरकी घेतली आणि कुणाचा तरी चहा सांडला. धुरपदाबाईला औषधं लागू पडली. पुढं तिला मुलगी झाली, आणि ती अशी खणखणीत रडली की अख्खा वॉर्ड दणाणला.

निबंध छापून आला तशी दैवशाला हातमोज्यांचं खोकं घेऊन सोनारीला पोचली. गोठ्यात एक शेळी व्यायला झाली होती. उत्तरेश्वर फाटकाशी उभे होते, सिताबाई नेहमीसारखी चार पावलं मागं.

"आबा, आईच्या वेळचं रक्त कुणी ठेवलेलं न्हाय, म्हणून तिचं मला छापता येत न्हाय," दैवशाला म्हणाली. "पण आधी शेळ्या गाभडल्या, मग आई. शेळ्यांचं आईला लागलं असंल. आईचं शेळ्यांना न्हाय. आता आत जाणाऱ्यानं एवढे मोजे घालायचे, बाकी काही न्हाय."

उत्तरेश्वर फाटकाच्या कडीशी चाळा करत म्हणाले, "तवाच इचारायला पायजे व्हतं. आदी कोन म्हनून."

सिताबाई मोजे चढवत होती. बोटं भलत्याच खोबणीत जात होती, डोळे भरून आले होते आणि तरी ती हसत होती.

"मंग आता इचारा की," ती म्हणाली. "आदी कोन आत जायचं, तुमी का मी?"

उत्तरेश्वरांनी फाटक उघडलं आणि ते बाजूला झाले.